तुकडे वाढवले की टोकांशी करंट थरथरतो, असं का?

प्रश्न – धागेदोरे
सरळ पातळ तारेवरून प्लेन वेव्ह (सपाट विद्युतचुंबकीय लहर) कशी विखुरते, याचा कोड लिहितोय. हॅलेनचं समीकरण (तारेतला करंट काढायचं इंटिग्रल समीकरण), पल्स बेसिस (तारेचे सारखे तुकडे, प्रत्येक तुकड्यात करंट स्थिर), पॉइंट मॅचिंग (समीकरण प्रत्येक तुकड्यातल्या एका बिंदूवर पाळायचं). तार अर्धा लॅम्डा (तरंगलांबी), त्रिज्या ०.००५ लॅम्डा. २१ तुकड्यांना करंटचा आलेख गुळगुळीत येतो. २०१ केले की दोन्ही टोकांशी करवतीचे दात! चिन्ह चुकलं असेल म्हणून दोन रात्री कोड उकरला, हाती काही लागलं नाही.

उत्तर – शून्यबिंदू
सिंगल प्रिसिजन (कमी अंकांची आकडेमोड) असेल. डबल करून बघा.

धागेदोरे
पहिल्यापासून डबलच आहे.

उत्तर – जुना सॉल्व्हर
डबल सोडा, क्वाड (त्याहून जास्त अंक) घेतलंत तरी दात जाणार नाहीत. कोड ठीक आहे, कर्नल बघा, म्हणजे एका बिंदूवरच्या करंटचा दुसऱ्या बिंदूवर किती परिणाम होतो ते सांगणारं समीकरणातलं फलन. तुम्ही करंट अक्षावर धरलाय आणि सीमाअट (तारेच्या दिशेचं विद्युतक्षेत्र शून्य) पृष्ठभागावर लावलीय, बरोबर? मग आर, म्हणजे त्या दोन बिंदूंमधलं अंतर, कधीच त्रिज्येपेक्षा लहान होत नाही आणि कर्नल गुळगुळीत राहतो. असा कर्नल करवतीसारखा करंट जवळजवळ पुसूनच टाकतो, म्हणजे मॅट्रिक्सला (सगळ्या तुकड्यांच्या समीकरणांच्या कोष्टकाला) तो दिसतच नाही. मग असा करंट हवा तेवढा मिसळला तरी समीकरण तक्रार करत नाही. खरं तर या कर्नलने समीकरणाला नेमकं उत्तरच नसतं. २१ तुकड्यांत ते झाकलं जातं. २०१ ला तुमचा तुकडा त्रिज्येच्या निम्मा झालाय, तिथे उघडं पडतं.

सोपा उपाय म्हणजे तुकडा त्रिज्येच्या निदान आठपट ठेवा, एनईसी या अँटेनाच्या गणिताच्या प्रोग्रॅमच्या मॅन्युअलमध्येही अशा साध्या कर्नलला हाच नियम आहे. बारीकच करायचं असेल तर परिघावर इंटिग्रेट केलेला अचूक कर्नल घ्या. त्याची लॉगची सिंग्युलॅरिटी (अंतर शून्य होताना अनंताकडे जाणारा भाग) वेगळी काढून हाताने सोडवा.

आणि हो, तार सरळ, तुकडे सारखे, मग मॅट्रिक्सचा प्रत्येक घटक फक्त दोन तुकड्यांमधल्या अंतरावर ठरतो, पहिली ओळ काढली की पुरे. अख्खी भरत बसू नका.

शून्यबिंदू
मग २०१ चा स्कॅटरिंग क्रॉस सेक्शनही (तार लहर किती विखुरते त्याचं माप) फेकून द्यायचा?

जुना सॉल्व्हर
नको. शेजारचे दात दूरच्या फील्डमध्ये एकमेकांना खातात. दुखणं करंटचं आहे.

धागेदोरे
खरंय, २१ आणि २०१ चे क्रॉस सेक्शन जवळपास एकावर एक बसले. अचूक कर्नलही लावला. पहिल्यांदा मॅट्रिक्सच्या कर्णावरचे घटकच (तुकड्याचा स्वतःवरचा परिणाम) भलते आले, लॉगमधला ‘आठ गुणिले त्रिज्या’ खाऊन टाकला होता. आता २०१ ला करंट टोकाशी निमूट शून्याकडे उतरतो. ४०१ लावून झोपतोय.