हाताने घडवलेली सोलायची सुरी: पहिल्याच बकऱ्याला धार गेली, दोष पोलादाचा की धारेचा?

काटोलरोड_शेळीपालन

छंद म्हणून सुऱ्या घडवणाऱ्या एका कारागिराकडून बकरा सोलायची सुरी बनवून घेतली. गेल्या आठवड्यात नागपूरला पोचली. पाते ९५ मिमी लांब, २८ मिमी रुंद, पाठ ३ मिमी, पोट चांगलं गोल. पोलाद ईएन-३१ (बेअरिंगसाठी वापरतात ते), मुठीच्या शेवटापर्यंत सलग. मुठीला शिसवीच्या दोन फाका, तीन पितळी पिना, सोबत चामड्याचं म्यान. कडकपणा ६० एचआरसी (रॉकवेल मापात) असल्याचं कारागीर सांगतो.

आली तेव्हा हातावरचे केस सहज उतरत होते. मागच्या पायांपासून छातीपर्यंत छान चालली, पुढे पात्याची गोलाई आणि टोक कातडीवरून घसरू लागलं. मुठीजवळची धार अजून शाबूत आहे. ट्यूबलाइटखाली धरली की गोलाईवर चमकती रेघ दिसते. शिवाय मुठीची उजवी फाक पोलादाच्या कडेपासून नखाला लागेल इतकी आत गेली आहे.

परत पाठवावी का? कडकपणा घरी तपासता येतो का? धार लावायला साधा दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड आहे.

---

ऐरण_हातोडा

लगेच परत पाठवू नका. आधी धार मुडपली आहे की तुटली आहे ते बघा. घड्याळजी वापरतात तसं १० पटीचं भिंग घ्या. भिंग नसेल तर कापसाचा बोळा धारेवरून मुठीकडून टोकाकडे अलगद ओढा. जागोजागी तंतू अडकले तर धारेचे टवके उडाले आहेत. बोळा न अडकता सरकला आणि चमकती रेघ मात्र दिसतेय, तर धार मुडपली आहे किंवा बोथटली आहे. तुमच्या वर्णनावरून मला दुसरी शक्यता वाटते.

आता कारण. घरगुती कारागीर शेवटची धार बहुधा बेल्ट ग्राइंडरवर कोरडीच काढतात. पाते हाताला कोमट लागलं तरी धारेचं अगदी टोक, जिथे धातू केसाएवढाच असतो, क्षणात तापतं. ईएन-३१ ला पाणी दिल्यावर, म्हणजे लालबुंद तापवून एकदम थंड करून कडक केल्यावर, साधारण २०० अंशांवर दोन-दोन तास दोनदा भाजलं की ६० च्या आसपास कडकपणा राहतो. धारेचं टोक त्याहून जास्त तापलं की तेवढाच भाग मऊ पडतो. तापल्यावर पोलादावर गवती पिवळा रंग आला तर बरं, जांभळा-निळा म्हणजे ३०० च्या घरात गेलं. पॉलिश केल्यावर हा रंग निघून जातो, मऊपणा मात्र राहतो. म्हणून नव्या सुरीची पहिली धार बघून पोलादाबद्दल मत बनवायचंच नाही. हाताने, पाण्याच्या दगडावर दोन-तीनदा धार लावा, जळकं पोलाद झिजून जाऊ द्या, मग तपासा.

कार्बोरंडमच्या दगडाची बारीक बाजूही या कामाला खरखरीत पडते. ४०० आणि १००० ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) दगड घ्या, शेवट चामड्याच्या पट्ट्यावर. कोन दर बाजूला १८ अंश पुरे. तुमच्या २८ मिमी रुंदीला पाठ दगडापासून सुमारे ७ मिमी वर राहिली की हा कोन येतो. ७ मिमी जाडीची लाकडी पट्टी करून ठेवा आणि मधूनमधून उंची पडताळा. धारेला स्केचपेनची शाई लावा. शाई फक्त वरच्या कडेला पुसली जात असेल तर कोन लहान आहे, धारेपर्यंत दगड पोचतच नाहीये. एका बाजूला मुठीपासून टोकापर्यंत सलग बर (घासताना पलीकडे वळलेली धातूची बारीक कड) आल्याशिवाय बाजू बदलू नका. गोलाईवर बहुतेकांचं इथेच चुकतं: टोकाकडे जाताना मूठ थोडी उचलावी लागते, नाहीतर तिथला कोन बदलतो.

मग पितळी सळईची चाचणी. ६ मिमीची सळई शिकंज्यात आडवी पकडा, धार तिच्यावर लावायच्या कोनापेक्षा थोडी जास्त उभी ठेवून दाबा. मागून उजेड हवा, डोळ्यांवर चष्मा हवा. धार वाकून परत सरळ झाली तर पाणी योग्य बसलं आहे. वाकलेलीच राहिली तर मऊ, टवका उडाला तर ठिसूळ. ही चाचणी मुठीजवळ, गोलाईवर आणि टोकाशी वेगवेगळी करा.

कानसही घासून बघतात (कडक पोलादावर ती घसरते, मऊवर धरते), पण जपून. भट्टीत वरच्या थरातला कार्बन जळाला असेल तर कानस धरते आणि आत पोलाद कडकच असतं. नेमका आकडा हवा असेल तर हिंगणा एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटचं जॉबवर्क करणाऱ्यांकडे रॉकवेल मशीन असतं. माप मुठीजवळच्या सपाट भागावरच घ्यायला सांगा, उतारावर चुकीचं येतं. मात्र त्या आकड्यावरून टोकाचा कडकपणा कळत नाही.

---

मटणमार्केट

वरच्या भाऊंनी पोलादाचं बरोबर सांगितलं, पण धार कशानं जाऊन राहिली तेही बघा. कातडी धार खात नाही, केसांतली माती खाते. बकरा धुळीत बसलेला असतो, केसांच्या बाजूनं सुरी घातली की दहा हातांत धार बोथट होते. बाहेरून कापायचं ते पहिल्या छोट्या चिरेपुरतंच, तेही केस ओले करून. पुढं धार वर, बाहेरच्या बाजूला ठेवून कातडीच्या आतून बाहेर फाडत जा.

चीर उघडली की सुरीचं काम थोडंच उरते. बरगड्यांवरची, पाठीवरची कातडी मुठीनं दाबून सुटते. छातीचं हाड, शेपटीची मुळी, मान, एवढ्याच जागी चिकट झिल्ली असते, तिथं पात्याची गोलाई वापरा. टोक खाली टोचलं की कातडीला भोक पडते अन् व्यापारी भाव पाडते. खुराचा सांधा काढायला दुसरी सुरी ठेवा. या पात्यानं सांध्यात पीळ दिला तर चांगल्या पोलादाचाही टवका उडते.

अन् दुकानातली रेघांची पोलादी सळई यावर ओढू नका. ती नरम सुऱ्यांसाठी असते. ६० च्या पात्याला तिच्यानं दातरे पडतात.

---

सुतारकाम_महाल

मुठीबद्दल. फाक आत गेली, कारण लाकूड आकसलं. दमट हवेत ठेवलेलं लाकूड नागपूरच्या उन्हाळ्यात आलं की पाणी सोडतं आणि आडव्या बाजूनं आकसतं. नखाला लागते एवढंच असेल तर पावसाळ्यात ते पुन्हा फुगेल, आत्ताच घासून पोलाद लाकडाबरोबर करू नका.

महत्त्वाचं हे की फाक आणि पोलाद यांच्यामध्ये फट आहे का. कागदाचा तुकडा आत शिरतो का बघा, मूठ बोटाने वाजवून बघा. भरीव आवाजाऐवजी झणझण आली तर चिकटवण सुटलं आहे. अशा फटीत रक्त-चरबी जाऊन आतून गंज धरतो, आणि हे मात्र परत पाठवायचं कारण आहे. फट नसेल तर जवसाच्या तेलाचे तीन-चार पातळ हात द्या. खायचं कच्चं तेल सुकायला फार दिवस घेतं, हार्डवेअरवाल्यांकडचं उकळलेलं घ्या. पुसलेल्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, त्या आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा.

सुरी बंद गाडीत ठेवू नका, मे महिन्यातल्या उष्णतेनं मुठीचं इपॉक्सी चिकटवण मऊ पडतं.

म्यान फक्त नेण्या-आणण्यापुरतं. ईएन-३१ मध्ये क्रोमियम दीडेक टक्काच असतं, ते स्टेनलेस नाही, आणि चामडं ओल धरून ठेवतं. काम झालं की आधी थंड पाणी, गरम पाण्यानं रक्त घट्ट बसतं. मग साबण, कोरडं फडकं, वरून औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन. खाद्यतेल काही दिवसांत चिकट होतं. पात्यावर निळसर-करडा रंग चढला तर राहू द्या, लाल दिसलं तर लगेच काढा. याच सुरीनं संत्री सोलू नका, आंबटानं काळे डाग पडतात.

---

काटोलरोड_शेळीपालन

४०० आणि १००० वर तीनदा धार लावली. मुठीत फट नाही, आवाज भरीव आहे. पितळी सळईवर मुठीजवळची धार आणि गोलाई वाकून परत सरळ होते. टोकाकडचा १५ मिमी भाग मात्र वाकलेलाच राहतो.

---

ऐरण_हातोडा

म्हणजे पाण्यात दोष नाही, टोक घासताना तापलं आहे. तिथे धातू कमी, त्यामुळे उष्णता पाठीकडे पसरायला जागाच नसते. धारेच्या बाजूनं त्या १५ मिमीत हाताने अर्धा मिमी धातू काढा, पाण्यात बुडवत, आणि गोलाईशी रेघ जुळवून घ्या. मग पुन्हा सळई. सरळ झाली तर तागाच्या १० मिमी दोराचे त्याच भागाने ४० काप घ्या आणि वर्तमानपत्र कापून बघा. कागद न फाटता कापला गेला तर सुरी कामाला लावा.

अर्धा मिमी काढूनही टोक वाकलेलंच राहिलं तर परत पाठवा. सोबत लिहा: कोणत्या भागात, टोकापासून किती मिमी, किती वेळा धार लावल्यावर, सळईवर काय झालं. भिंगातून काढलेला फोटो जोडा. "धार टिकत नाही" एवढंच लिहिलंत तर तो पुन्हा बेल्टवरच धार काढून पाठवेल आणि टोक आणखी मऊ होईल.