राउटर थांबू द्या, आधी पटाशी
सुतारकाम नव्यानं शिकताना विजेची गोल करवत आणि राउटर (लाकडात खाचा, कडा कोरायचं विजेचं यंत्र) एकदमच घ्यावं का, असं विचारलंय तुम्ही. माझं मत, आत्ता नको. एक रंधा, पाऊण इंची पटाशी, गुण्या (काटकोन तपासायला), बारीक दातांची करवत आणि लाकूड आवळून धरायला दोन-तीन सी-क्लॅम्प एवढ्यावर पहिला चौरंग आरामात होतो. उरलेले पैसे धार लावायच्या दगडावर घाला. नवीकोरी पटाशीसुद्धा बहुतेकदा बोथटच येते. आधी तिची मागची बाजू सपाट करा, मग साधारण २५ अंशांचा कोन धरून घासा.

आपल्या सोलापुरात खरा त्रास हवेचा. पावसाळ्यात आणलेली फळी मे महिन्याच्या चाळिशीपारच्या कोरड्या उन्हात आकसते, तीही रुंदीत; लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे चौरंगाची फळी खालच्या आडव्या पट्ट्यांना फेव्हिकॉलनं पक्की चिकटवली की चिरलीच म्हणून समजा. पट्टीला लांबट भोक पाडून स्क्रू बसवा, म्हणजे फळीला सरकायला जागा राहते.

जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर सोनंच, फक्त रंधा मारण्याआधी खिळे शोधून काढा. बाभळीच्या स्वस्ताईला भुलू नका. बैलगाडीच्या चाकाला ठीक, नवशिक्याच्या हाताला नाही. आणि पॉलिश पेपर मारताना मास्क लावाच, सागाचा भुसा घशाला फार त्रास देतो.