बिडाचं पॅन आणि मक्याचा ब्रेड : ब विंगच्या ग्रुपवर

ब-३०४ काकू: नमस्कार. परवा नेलेलं माझं १० इंची बिडाचं पॅन आज दाराबाहेर ठेवलेलं मिळालं. कडेने तांबूस गंज, तळाला मक्याच्या ब्रेडची खपली. रात्रभर पाणी भरून ठेवलं होतं हे दिसतंच आहे. नाव घेत नाही. पण नेताना चार गोष्टी विचारून घ्यायला हव्या होत्या 🙏

ब-१०२: काकू, मीच नेलं होतं. खरंच सॉरी. ब्रेड तळाला धरून बसला, उलथण्यानेही निघेना, म्हणून भिजत घातलं. २२० डिग्रीला २५ मिनिटं, रेसिपीत होतं तसंच केलं होतं.

ब-५०१ काका: पॅन आधी तापवलं होतं का?

ब-१०२: हो काका, ओव्हन आधी तापवला होता.

ब-५०१ काका: ओव्हनचं नाही विचारत. पॅन. रिकामं पॅन ओव्हनमध्ये ठेवूनच ओव्हन लावायचा. २२० झाल्यावरही १०-१५ मिनिटं जाऊ द्यायची, बीड सावकाश तापतं. मग फॅट, म्हणजे तूप किंवा तेल, मग पीठ. चर्र आवाज आलाच पाहिजे.

ब-२०३ ताई: काकांचं बरोबर आहे. थंड पॅनमध्ये ओतलेलं पीठ बिडाला चिकटतं आणि तसंच शिजतं. गरम फॅटमध्ये पडलं की तळाला आणि कडेला लगेच कवच धरतं, आणि ते कवच स्वतःहून सुटतं. गॅसवर तापवलं तर मध्ये जळतं आणि कडा थंड राहतात, म्हणून ओव्हनच बरा.

ब-१०२: पण आतूनही खळीसारखा चिकट झाला होता ताई. मक्याचं पीठ कमी पडलं म्हणून एक कप कॉर्नफ्लोअर घातलं होतं.

ब-४०२: अरे देवा 😄 ब्रेड नाही, सूपच घट्ट केलंस!

ब-२०३ ताई: हसू नका, फार जणांचं हेच होतं. कॉर्नफ्लोअर म्हणजे मक्याचा नुसता स्टार्च. पांढरा असतो, चिमटीत दाबला की करकरतो. इथे अख्ख्या दाण्याचं दळलेलं, बोटाला रवाळ लागणारं पीठ हवं. आणि टॉर्टियाचं, म्हणजे मेक्सिकन पोळीचं पीठही चालत नाही. तो मका चुन्याच्या पाण्यात शिजवलेला असतो, चव आणि पोत दोन्ही वेगळे.

ब-१०२: मग नीट प्रमाण सांगाल का?

ब-२०३ ताई: १० इंची पॅनला रवाळ पीठ २ कप, मीठ १ छोटा चमचा, बेकिंग पावडर १ छोटा चमचा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा, अंडी २, आंबट दाट ताक दीड कप, फॅट ४ मोठे चमचे. तापलेल्या पॅनमध्ये फॅट घालून कडांपर्यंत फिरवायचं, जास्तीचं पिठात ओतायचं, पटकन ढवळायचं आणि लगेच परत पॅनमध्ये. २० ते २५ मिनिटं. पीठ सैलसर, ओतता येईल असंच हवं.

ब-४०२: साखर विसरलात. पाव कप तरी हवी.

ब-२०३ ताई: विसरले नाही. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या पद्धतीत साखर नसते किंवा अगदी नावाला असते. गव्हाचं पीठही नसतं.

ब-४०२: उत्तरेकडे साखर आणि मैदा दोन्ही घालतात. तोही कॉर्नब्रेडच असतो ना?

ब-२०३ ताई: असतो, पण केकसारखा. आणि बिडात साखर जास्त झाली की मधला भाग शिजायच्या आत कडा काळ्या पडतात. घालायचीच तर एक मोठा चमचा घाला.

ब-५०१ काका: साखर घाला नाहीतर नका घालू. पॅन आधी तापवा.

सेक्रेटरी: सभासदांना नम्र विनंती, हा ग्रुप सोसायटीच्या कामासाठी आहे.

ब-४०२: काल याच ग्रुपवर पार्किंगवरून किती मेसेज पडले ते बघा साहेब.

सेक्रेटरी: ठीक आहे, चालू द्या. माझा ब्रेड फार भुगा होतो, कापताच येत नाही. का?

ब-२०३ ताई: मक्यात ग्लूटेन, म्हणजे गव्हातला कणीक धरून ठेवणारा चिवटपणा नाही, धरून ठेवायला अंडं आणि ओलावाच. अर्धा कप पीठ बाजूला काढून त्यावर अर्धा कप खळखळ उकळतं पाणी ओता आणि घोटा. स्टार्च फुलून लापशी होते, ती पाणी धरून ठेवते. मग तिच्यात थोडं थोडं ताक घालून सैल करा, अंडी शेवटी, नाहीतर गरम लापशीत शिजतील. आणि बाहेर काढल्यावर १० मिनिटं थांबा. गरम असताना सुरी घातली की भुगा ठरलेला.

ब-४०२: लोणी घातलं की जळका वास येतो, त्याचं काय?

ब-२०३ ताई: लोण्यात दुधाचे कण असतात, ते जळतात. पॅनमध्ये तूप किंवा तेल, लोणी वितळवून पिठात.

ब-३०४ काकू: पाककृती छान चालली आहे. माझ्या पॅनचं कोणी बोलत नाही.

ब-१०२: काकू, मी नीट करून देते. तारेच्या घासणीने आणि साबणाने घासू का?

ब-३०४ काकू: साबण अजिबात नको!!

ब-२०३ ताई: काकू, रागावू नका, पण ती समजूत जुन्या साबणाची. त्यात कॉस्टिक असायचं, ते सीझनिंग, म्हणजे तेल भाजून पॅनवर बसलेला काळा थर, उतरवायचं. आताच्या भांड्याच्या साबणाने थोडं घासलं तर काही होत नाही. नुकसान भिजत ठेवल्याने होतं. आणि आंबट ताकाचं पीठ रात्रभर आत राहिलं तर सीझनिंग खातं, पुढच्या ब्रेडला लोखंडी चव येते.

ब-३०४ काकू: बरं. पण हात राखून.

ब-५०१ काका: गरम पॅनवर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

ब-२०३ ताई: गंज तारेने घासून काढ. धुऊन लगेच मंद गॅसवर पूर्ण कोरडं कर. आत, बाहेर, दांड्याला तेल चोळ आणि मग ते चुकून लागल्यासारखं सगळं पुसून टाक. हात फिरवला तर तेलकट लागता कामा नये. ओव्हनमध्ये उलटं ठेवून २३० ला एक तास, आतच गार होऊ दे. असे तीन थर.

ब-५०१ काका: दांडाही २२० डिग्रीचा असतो. बाहेर काढल्यावर दांड्यावर कोरडं फडकं ठेवा, म्हणजे कोणी सवयीने धरणार नाही. ओलं फडकं नको, वाफेने हात भाजतो.

ब-१०२: दोन थर झाले. छान काळं आलंय, पण मध्ये एका जागी बोटाला चिकट लागतंय.

ब-३०४ काकू: तिथे तेल जास्त राहिलं. नवीन तेल न लावता तसंच उलटं अजून एक तास २३० ला ठेव. चिकटपणा गेला की मगच तिसरा थर. घाई नाही, परवा दिलंस तरी चालेल.