चंचल मुलाला रक्तदाबाची गोळी कशासाठी?

शमी:
एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता आणि आवेग यांचा विकार) असलेल्या मुलासाठी डॉक्टरांनी क्लोनिडीन किंवा ग्वानफसीन लिहून दिले की, ‘याला रक्तदाबाचे औषध कशाला?’ असा प्रश्न पालकांच्या मनात येतो आणि पुष्कळदा तेथेच उपचार अडतो. माझ्या मते हा आक्षेप केवळ नावावर उभा आहे. क्लोनिडीन मुळात चोंदलेले नाक मोकळे करण्यासाठी तयार केले गेले होते. ते रक्तदाब उतरवते, हे नंतर ध्यानात आले. ही औषधे मेंदूच्या पुढच्या भागातील अल्फा-2ए रिसेप्टरवर (पेशीवरील रासायनिक संदेश टिपणाऱ्या जागेवर) काम करतात, आणि लक्ष टिकवणे व आवेग आवरणे ही कामे त्याच भागाकडे असतात. अमेरिकेत 6 ते 17 वर्षे वयोगटासाठी ग्वानफसीनच्या दीर्घकाळ काम करणाऱ्या गोळीला 2009 मध्ये, तर क्लोनिडीनच्या तशाच गोळीला 2010 मध्ये मान्यता मिळाली. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरील उत्तेजक औषधाने ज्यांची भूक मरते, झोप उडते किंवा ज्यांना टिक्सचा (नकळत होणाऱ्या झटकेवजा हालचाली किंवा आवाजांचा) त्रास आहे, अशा मुलांसाठी या औषधांचा विचार लवकर व्हायला हवा.

कडुनिंब:
नावावरचा आक्षेप मलाही पोरकट वाटतो. माझा आक्षेप ‘लवकर’ या शब्दाला आहे. सरासरी परिणाम पाहिला तर मेथिलफेनिडेटसारखी उत्तेजक औषधे या गटापेक्षा स्पष्टपणे सरस ठरतात, आणि त्यांचा गुण त्याच दिवशी दिसू शकतो, तर येथे काही आठवडे वाट पाहावी लागते. शिवाय गुंगी हा या औषधांचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. पेंगुळलेले मूल वर्गात गप्प बसते आणि मोठ्यांना ती सुधारणा वाटते. मूल नुसतेच शांत झाले आहे, की त्याचे लक्षही लागू लागले आहे, हे तपासल्याशिवाय औषध लागू पडले असे मी म्हणणार नाही.

शमी:
गुंगीचा मुद्दा मान्य आहे, पण तो क्लोनिडीनला अधिक लागू होतो. ग्वानफसीन अल्फा-2ए रिसेप्टरवर अधिक नेमके काम करते. मात्रा हळूहळू वाढवली तर बऱ्याच मुलांची सुस्ती ओसरते. आणि सरासरी घेऊन करायचे काय, जर समोरच्या मुलाला उत्तेजक औषध सोसतच नसेल? उत्तेजक औषध चालू ठेवून जोडीला यांपैकी एखादे देण्याचीही सोय आहे. त्या औषधाने नाडी व रक्तदाब किंचित वाढतात, याने उतरतात.

औदुंबर:
‘एक वाढवते, दुसरे उतरवते’ ही बेरीज-वजाबाकी कागदावर सोपी दिसते. नाडी आणि रक्तदाब तरीही मोजतच राहावे लागतात. दोघांच्याही बोलण्यात न आलेली गोष्ट म्हणजे ही औषधे एकाएकी थांबवता येत नाहीत. तसे केल्यास रक्तदाब उसळी घेऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने उतरवावी लागतात. दीर्घकाळ काम करणारी गोळी चावून किंवा कुटून देता येत नाही, आणि ग्वानफसीन तेलकट-तुपकट जेवणासोबत घेतल्यास रक्तात जास्त उतरते. हे पालकांना पहिल्याच भेटीत सांगितले गेले पाहिजे.

कडुनिंब:
माझी शंका नेमकी येथेच आहे. उत्तेजक औषधाचा एक डोस चुकला तर बहुधा त्या दिवसापुरते लक्ष विचलित होते. येथे सलग काही डोस चुकले, किंवा मुलाला उलट्या होऊन गोळी पोटात ठरलीच नाही, तर प्रश्न थेट रक्तदाबाचा होतो. विसराळूपणा हेच ज्या विकाराचे लक्षण आहे, आणि जो पुष्कळदा आईवडिलांपैकी एकालाही असतो, त्या घरावर इतक्या काटेकोर वेळापत्रकाचा भार टाकताना ‘लवकर’ म्हणण्याआधी मी दोनदा विचार करीन.

शमी:
तर मग ‘लवकर’ हा शब्द मी मागे घेतो; ‘वेळेवर’ म्हणतो. गोळी देण्याची जबाबदारी घरात कोण घेणार, हे विचारल्याशिवाय ती लिहून देऊ नये, एवढी अट मला मान्य आहे.