प्रतिसाद: खरी जुनी पद्धत पानगळीतली
वर म्हटलंय की अमेरिकेत टर्की या मोठ्या रानपक्ष्याच्या शिकारीत त्याच्याच पिसाऱ्याआड लपून रांगत नराजवळ जाणं ही नवी थेरं आहेत आणि वसंतात झाडाला टेकून, मादीचा आवाज काढून नराला बोलावणं हीच अस्सल परंपरा. पहिलं मान्य, शिवाय सार्वजनिक जंगलात तो पिसारा पाहून दुसराच कुणी गोळी घालायचा. पण वसंतातली शिकारही बऱ्याच राज्यांत तशी अलीकडचीच. पेनसिल्व्हेनियात तिचा पहिला हंगाम १९६८चा! त्याआधी तिथे शिकार व्हायची ती पानगळीत.

व्हर्जिनियात अजून ती कुत्र्यांसोबत करतात. कुत्रा वास काढत जातो, कळपात घुसून भुंकतो, पक्षी दाही दिशांना उडतात. मग शिकारी तिथेच बसतो आणि कुत्र्याला कापडी पिशवीत, नुसतं डोकं बाहेर ठेवून, गप्प झोपवतो. (ते ध्यान बघण्यासारखं असतं.) थोड्या वेळाने चुकलेल्या पिल्लाची 'की-की' अशी शीळ घातली की पांगलेले पक्षी एकेक करून परत जमू लागतात. इथे नराची मिजास नाही, कळपाची ओढ कामाला येते. नवे शिकारी मात्र याकडे फारसे वळत नाहीत.