श्रावणात बांगडा स्वस्त होऊनही खपत नाही, मग मागणीचा नियम खोटा ठरतो का?

प्रश्न: बारावीची विद्यार्थिनी, डिचोली

नमस्कार. इतर परिस्थिती कायम असताना किंमत वाढली की मागणी घटते आणि किंमत उतरली की मागणी वाढते, ही मागणीच्या नियमाची व्याख्या मला पाठ आहे. परंतु आमच्या बाजारात जे दिसते ते तिच्याशी जुळवता येत नाही. जून-जुलैमध्ये मासेमारी बंद असते, बांगडा महाग होतो आणि तरीही सकाळीच टोपल्या रिकाम्या होतात. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा समुद्रात जातात, भाव उतरतो, पण तोवर श्रावण लागलेला असतो आणि आमच्या वाड्यावर चतुर्थी होईपर्यंत कोणी मासळीला हात लावत नाही. म्हणजे महाग असताना खप आहे आणि स्वस्त असताना नाही. हा गिफेनचा विरोधाभास, म्हणजे वस्तू महागल्यावर तिची मागणी उलट वाढण्याचा प्रकार, समजावा का?

दुसरी शंका लवचिकतेची, म्हणजे किंमत बदलल्यावर मागणी किती बदलते याची आहे. बाजारातल्या मासळीवाल्या बाई बांगड्यांचा भाव ‘शंभराला इतके’ असा सांगतात. कधी शंभराला दहा मिळतात, कधी पाच. माझी आई दोन्ही वेळा शंभराचेच घेते. भाव दुप्पट होऊनही तिचा खर्च बदलत नाही, तेव्हा तिची मागणी अलवचीक म्हणावी का?

उत्तर: अर्थशास्त्राचे निवृत्त शिक्षक, फोंडा

तुम्ही व्याख्या बाजारात नेऊन पाहिलीत, हे फार चांगले केलेत. आता त्याच व्याख्येतील ‘इतर परिस्थिती कायम असताना’ या शब्दांकडे पुन्हा पाहा, कारण विद्यार्थी ते सवयीने लिहितात आणि उदाहरण सोडवताना विसरतात. श्रावणात किंमत बदलते हे खरे, पण त्याच वेळी ग्राहकाची आवडनिवड आणि धार्मिक आचार हा घटकही बदलतो. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या, तर खपातील घट कोणत्या कारणाने झाली हे केवळ किंमत पाहून ठरवता येत नाही.

यासाठी पाठ्यपुस्तकात दोन वेगळ्या संज्ञा दिल्या आहेत. केवळ किंमत बदलल्यामुळे मागणी कमीजास्त झाली, तर त्याला मागणीचा विस्तार किंवा संकोच म्हणतात आणि आपण एकाच मागणी वक्रावर, म्हणजे किंमत आणि मागणी यांचा संबंध दाखवणाऱ्या रेषेवर, खालीवर सरकतो. किंमत तीच असूनही उत्पन्न, आवड, पर्यायी वस्तूंच्या किमती किंवा भविष्याविषयीचा अंदाज बदलल्यामुळे मागणी बदलली, तर तिला मागणीतील वृद्धी किंवा ऱ्हास म्हणतात आणि तेव्हा संपूर्ण वक्रच उजवीकडे किंवा डावीकडे जातो. तुमच्या वाड्यावरचा श्रावण हा मागणीतील ऱ्हास आहे. त्या दिवसांत बांगडा मे महिन्याच्या भावाने विकला असता, तरीही या घरांनी तो घेतला नसता.

जून-जुलैचे चित्र याहून वेगळे आहे. तेथे मागणी वक्र जवळजवळ जागेवरच असतो आणि पुरवठा वक्र डावीकडे सरकतो. किंमत चढते आणि त्या चढलेल्या किमतीमुळे मागणीचा संकोच होतो. टोपली रिकामी झाली एवढ्यावरून मागणी वाढली असे म्हणता येणार नाही. टोपलीत मुळात किती मासळी होती, हे आधी विचारले पाहिजे. थोडी मासळी चढ्या भावाने लवकर संपते, यात नियमाला बाधा आणणारे काहीही नाही.

गिफेनच्या विरोधाभासाला येथे जागा नाही. त्यासाठी वस्तू निकृष्ट प्रतीची, म्हणजे उत्पन्न वाढल्यावर लोक जिची मागणी कमी करतात अशी असावी लागते आणि गरीब कुटुंबाच्या खर्चाचा मोठा वाटा तिच्यावर जावा लागतो. ती महागली की चांगले अन्न परवडेनासे होते आणि नाइलाजाने तीच वस्तू अधिक घ्यावी लागते. चीनच्या हुनान प्रांतातील गरीब कुटुंबांच्या तांदळाच्या खरेदीत असे वर्तन आढळल्याचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि अशी उदाहरणे विरळाच सापडतात. बांगडा महागला म्हणून कोणी जास्त बांगडे घेत नाही.

उत्तर: वाणिज्य शाखेची प्राध्यापिका, मडगाव

लवचिकतेच्या शंकेचे उत्तर मी देते. ‘शंभराला दहा’ आणि ‘शंभराला पाच’ या बोलण्यात नोट तीच राहते आणि नग बदलतात, त्यामुळे किंमत वाढल्याचे चटकन लक्षात येत नाही. आधी प्रत्येक बांगड्याची किंमत काढा. पहिल्या वेळी ती १० रुपये आहे, दुसऱ्या वेळी २० रुपये. तुमच्या आईने पहिल्यांदा १० बांगडे घेतले आणि दुसऱ्यांदा ५. म्हणजे खर्च स्थिर राहिला असला, तरी मागणी निम्म्यावर आली. संपूर्ण अलवचीक मागणी म्हणायची, तर किंमत दुप्पट होऊनही त्यांनी १० बांगडेच घेतले असते आणि २०० रुपये मोजले असते.

एकूण खर्च पद्धतीनुसार किंमत वाढली असता एकूण खर्च वाढला, तर मागणी कमी लवचीक. खर्च घटला, तर जास्त लवचीक. आणि खर्च जेवढ्यास तेवढा राहिला, तर एकक लवचीक. तुमच्या आईची मागणी नेमकी एकक लवचीक आहे. ठरावीक रकमेचीच वस्तू घेणारा प्रत्येक ग्राहक असाच वागतो. दर काहीही असो, ठरलेल्या रुपयांचेच पेट्रोल भरणाराही त्यात आला. उत्तरपत्रिकेत हे उदाहरण अवश्य लिहा, मात्र किंमत, नग आणि खर्च हे तीन स्तंभ मांडूनच लिहा.

प्रश्नकर्तीचा पुढील प्रश्न

आपले आभार. परंतु शेकडा पद्धतीने मला वेगळे उत्तर मिळते. किंमत १० वरून २० झाली, म्हणजे १०० टक्के वाढ. नग १० वरून ५ झाले, म्हणजे ५० टक्के घट. ५० भागिले १०० केल्यावर ०.५ येते आणि त्या हिशेबाने मागणी कमी लवचीक ठरते. एकाच आकड्यांतून दोन उत्तरे कशी?

उत्तर: वाणिज्य शाखेची प्राध्यापिका, मडगाव

हा प्रश्न विचारलात याचा मला मनापासून आनंद झाला. शेकडा पद्धती लहान बदलांसाठी आहे. बदल मोठा असेल, तर टक्केवारी कोणत्या आकड्यावर काढली यावर उत्तर अवलंबून राहते. हेच गणित उलट करून पाहा. किंमत २० वरून १० झाली, म्हणजे ५० टक्के घट. नग ५ वरून १० झाले, म्हणजे १०० टक्के वाढ. आता लवचिकता २ येते. तेच दोन बिंदू, एका दिशेने ०.५ आणि दुसऱ्या दिशेने २.

यावर उपाय म्हणजे टक्केवारी दोन्ही आकड्यांच्या सरासरीवर काढणे. किमतीतील बदल १० रुपये आणि सरासरी किंमत १५ रुपये, म्हणजे सुमारे ६६.७ टक्के. नगांतील बदल ५ आणि सरासरी ७.५, म्हणजे तेही सुमारे ६६.७ टक्के. भागाकार १ येतो आणि एकूण खर्च पद्धतीशी जुळतो. परीक्षेत शेकडा पद्धतीच विचारली असेल, तर मूळ किंमत व मूळ नग धरून ०.५ हेच उत्तर लिहावे, कारण तेथे सूत्र तपासले जाते.

उत्तर: बेतूल येथील वाचक, घरचा मासळीचा व्यवसाय

पुरवठ्याच्या बाजूने थोडी भर घालतो. पश्चिम किनाऱ्यावरील बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची असते, तर पूर्व किनाऱ्यावरील १५ एप्रिल ते १४ जून अशी. त्यामुळे जूनच्या मध्यानंतर तिकडच्या बोटी सुटतात आणि तेथील मासळी ट्रकांनी आपल्याकडे येऊ शकते. म्हणजे बंदीच्या दोन महिन्यांत पुरवठा वक्र एकदाच सरकून तेथेच थांबतो असे समजू नये.

दुसरे असे की, वाड्यावरील मागणी आणि बाजाराची मागणी या दोन गोष्टी आहेत. श्रावणात अनेक हिंदू घरे मासळी बंद करतात, परंतु ख्रिस्ती आणि मुसलमान घरे घेतात, हॉटेले घेतात, बाहेरगावचे व्यापारीही घेतात. मागणी घटली आणि त्याच वेळी पुरवठा वाढला, तर किंमत उतरणार हे निश्चित; एकूण विक्री वाढेल की घटेल, हे मात्र कोणता वक्र अधिक सरकला त्यावर ठरेल. डिचोलीच्या एका वाड्यावरून साऱ्या गोव्याचा खप ठरवता येणार नाही.

भविष्याच्या अंदाजामुळे मागणी वाढते, याचे उदाहरण हवे असेल तर पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीची, खरेदी घ्या. पावसात ताजी मासळी महागणार हे ठाऊक असल्यामुळे लोक मे महिन्यातच सुके बांगडे आणि सुकी सुंगटे (कोळंबी) भरून ठेवतात. त्या वेळी सुक्या मासळीची मागणी तिच्या आजच्या किमतीमुळे नव्हे, तर पुढील दोन महिन्यांच्या विचाराने वाढलेली असते. याच्या उलट प्रकार जुलै २०१८ मध्ये घडला. परराज्यांतून येणाऱ्या मासळीत फॉर्मेलिन हे घातक रसायन असल्याची चर्चा गोव्यात उठली आणि सरकारने काही दिवस बाहेरची मासळी येऊ दिली नाही. आवक थांबल्याने पुरवठा घटला आणि भीतीमुळे मागणीही घटली. दोन्ही वक्र डावीकडे सरकले, तर खप कमी होणार हे निश्चित असते, पण किंमत कोणत्या बाजूला जाईल हे आकृतीवरून आधी सांगता येत नाही. ही आकृती तुम्ही स्वतः काढून पाहा; एकदा मागणी वक्र अधिक सरकवा आणि एकदा पुरवठा वक्र.