खिडकी मी का लावायची? (उग्र वासाचा ऑटो गांजा आणि शेजारी)

खिडकीवाली:
गेल्या आठवड्यात इथे 'मातीतला माणूस' यांनी घरात उग्र वासाची ऑटो, म्हणजे ठराविक वय झालं की आपोआप फुलणारी गांजाची जात, लावल्याचा अनुभव लिहिला. बी रुजल्यापासून ७५ दिवसांत झाड कापून मोकळे, दिव्याचे तास बदलायची कटकट नाही, आणि दर्प असा की जिना चढतानाच कळावं. लेख आवडला, खरंच. पण शेवटी त्यांनी लिहिलं, "वासाचा त्रास होतो त्यांना खिडकी लावायला हात आहेत." हे वाक्य चार दिवस डोक्यातून जात नाहीये.

आधीच सांगते, माझा गांजाला विरोध नाही. मी राहते तिथे घरात झाडं लावायला कायद्याने परवानगी आहे आणि माझ्या शेजाऱ्यांकडे ती आहेत. आमच्या दोघांच्या बाथरूमची हवा एकाच डक्टमध्ये जाते. त्यांच्याकडे फुलोरा धरला की माझ्याकडचा टॉवेल तोंडाला लावायची सोय राहत नाही. जळकं रबर आणि ठेचलेला लसूण एकत्र करावा तसा वास त्यात मुरलेला असतो. बाळाची दुपटी मी दोनदा धुते. मला अर्धशिशी आहे, आणि त्या वासाने पहाटे चारला डोकं धरून उठले की पुढचा दिवस गेलाच.

खिडकी लावून बघितली. वास खिडकीतून येतच नाही, डक्टमधून येतो. खिडकी बंद करून पंखा लावला तर तो डक्टमधलीच हवा आत ओढतो.

झाड लावायचा हक्क मान्य. पण कमी वासाच्या जाती असताना मुद्दाम सगळ्यात उग्र जात निवडायची आणि तिची हवा दुसऱ्याने भोगायची, हे मला मान्य नाही. उग्र जात लावणाऱ्याने हवेची जबाबदारीही घ्यावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

मातीतला माणूस:
ताई, लेख माझा, तेव्हा उत्तरही माझं.

तुम्ही ऑटो का लावतात हेच लक्षात घेतलेलं नाही. फोटोवाली, म्हणजे उजेडाचे तास कमी झाल्यावरच फुलणारी, जात लावली असती तर वाढीचे दोन-अडीच महिने, मग दिवे बारा तासांवर आणून आणखी दोन महिने. ऑटोत सगळा संसार अडीच महिन्यांचा, आणि वास येतो तो शेवटच्या चार-पाच आठवड्यांत. म्हणजे शेजाऱ्याला त्रास कमीच.

आणि उग्रच का? माझ्या बायकोची केमो चालली होती तेव्हा पोटात पाणी ठरत नव्हतं. डॉक्टरांना सांगून आम्ही हे सुरू केलं. तिला गोडसर फुलांच्या वासाच्या जातीने उमासे यायचे. हीच एक उग्र जात तिला चालली. ती आता बरी आहे, पण झाड बदलायचं माझ्या मनात येत नाही. खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दिवसभर सिगारेट ओढतात, त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही. आमच्या झाडाचाच वास सगळ्यांना खुपतो, कारण पन्नास वर्षं त्या वासाला गुन्ह्याचा वास म्हणायला शिकवलंय.

रातराणी:
वहिनींबद्दल वाचून बरं वाटलं. पण हिशोब अर्धाच मांडलात.

फोटो जात बाहेर लावली तर ऋतू असतो. दिवस लहान झाले की फुलोरा, मग कापणी, मग वर्षभर शांतता. ऑटो दिवसाच्या लांबीवर अवलंबूनच नाही, वय झालं की फुलते. म्हणून लोक एक कापली की दुसरी पेरतात, काही जण तीन-तीन आठवड्यांच्या अंतराने. माझ्या वरच्या घरात हेच चालतं. ७५ दिवसांची ऑटो म्हणता म्हणता आमच्याकडे बारा महिने फुलोरा आहे.

मातीतला माणूस:
मी वर्षातून दोनदा लावतो. दुसऱ्याचं माझ्या माथी मारू नका.

जुना बीजवाला:
मूळ मुद्दाच कोणी बोलत नाही. वास हीच ताकदीची खूण आहे. वास नसलेलं झाड म्हणजे गवत. मी वीस वर्षं बिया जमवतोय, डोळे मिटून वासावरून सांगतो कोणतं झाड कसं उतरेल. कमी वासाची जात लावा म्हणणं म्हणजे कमकुवत जात लावा म्हणणं.

आणि बियांच्या पाकिटांवर कोणाचंच लक्ष नाही याचा मला संताप आहे. स्कंक, म्हणजे ती जळक्या रबरासारखी उग्र जात, म्हणून विकतात आणि झाडाला लिंबाचा वास. नाव काहीही छापा, विचारणारा कोणी नाही. मी एकदा एकाच नावाची पाच पाकिटं पाच ठिकाणांहून घेतली आणि पाच वेगळी झाडं आली.

गंधवेडी:
काका, पाकिटांचं शंभर टक्के बरोबर. ताकदीचं चूक.

टीएचसीला, म्हणजे नशा आणणाऱ्या द्रव्याला, वासच नसतो. वास येतो तो बाकीच्या द्रव्यांमुळे. मर्सीन, लिमोनीन, पायनीन, कॅरिओफिलीन ही टर्पीनं, म्हणजे झाडांतली वासाची द्रव्यं, सगळ्यांना माहीत आहेत, पण स्कंकचा तो जळक्या रबराचा भपकारा त्यांच्यामुळे नाही. २०२१ मध्ये अमेरिकन संशोधकांनी दाखवलं की तो गंधकाच्या संयुगांमुळे येतो, त्यात मुख्य ३-मिथाइल-२-ब्यूटीन-१-थायोल. उन्हात राहिलेल्या बिअरला जो वास येतो तो याच संयुगाचा. प्रमाण इतकं कमी की टर्पीनांच्या तुलनेत नगण्य, पण नाकाला लगेच कळतं. झाडात टीएचसी किती, याच्याशी त्याचा संबंध नाही.

जुना बीजवाला:
प्रयोगशाळेत नाक नसतं. मी वीस वर्षांच्या अनुभवावर बोलतोय.

गंधवेडी:
मीही वास मोजायच्याच कामात आहे, काका, आणि तिथे रोज नाकच वापरते. उग्र झाडं जोरदार असतात असं तुम्हाला दिसलं, कारण लोकांनी दोन्ही गुण एकत्र पाहून निवड केली. म्हणून एकामुळे दुसरा येतो असं होत नाही.

जुना बीजवाला:
मग मला एक बिनवासाचं जोरदार झाड दाखवा. दाखवाच. शब्दांचे खेळ नकोत.

बेडूकउडी:
अवांतर, पण काका, तुमच्याच काळातलं उदाहरण आहे. ऑटोपणा येतो रुडरॅलिस या गांजाच्या रानटी प्रकाराकडून. १९२४ मध्ये रशियात यानिशेव्हस्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने तिला नाव दिलं, कमी उंचीची, उत्तरेकडच्या छोट्या उन्हाळ्यात स्वतःहून फुलणारी. तिच्यात टीएचसी फारच कमी. २००० नंतर कॅनडातून लोरायडर नावाची ऑटो आली तेव्हा सगळे हसले, गुडघ्याएवढं झाड आणि जोर नाही. आज त्याच वंशाच्या ऑटो कुठे पोहोचल्यात बघा. जोर वाढला तो निवडून निवडून. वासही तसाच वाढवता येतो किंवा कमी करता येतो.

जुना बीजवाला:
रुडरॅलिसचं रक्त आहे म्हणूनच ऑटोला मी खरी जात मानत नाही. कलम करता येत नाही. फांदी कापून लावली तरी तिचं वय आईचंच, बोटभर वाढते आणि फुलते. ज्या झाडाची आई जपून ठेवता येत नाही त्याची जात कसली?

रातराणी:
काका, हे तुम्ही नकळत आमच्या बाजूने बोललात. फोटो जातीत कमी वासाचं झाड मिळालं तर त्याची कलमं करून तेच वर्षानुवर्षं लावता येतं. ऑटो दरवेळी बियांपासून. शेजाऱ्यांना कळेपर्यंत लावणाऱ्यालाही माहीत नसतं की हे झाड किती घाण वास मारणार. मग आधीपासून सोय नको का करायला?

मातीतला माणूस:
"घाण" हा शब्द परत घ्या. माझ्या घरात त्या वासाने एक माणूस जेवायला लागलं.

रातराणी:
घेते. उग्र म्हणते. पण माझ्या आईला दमा आहे, तिने जिना चढताना नाकाला पदर लावायचा का, हे तुम्ही सांगा.

सनदशीर:
कायद्याचं थोडं. ज्या देशांनी परवानगी दिली त्यांनी झाडं मोजली, वास कोणी मोजला नाही, आणि भांडण तिथेच आहे. उरुग्वेने २०१३ मध्ये घरटी ६ झाडं दिली, कॅनडाने २०१८ मध्ये घरटी ४, जर्मनीने १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ माणसाला ३. पण कॅनडातल्याच क्वेबेक प्रांताने घरात एकही झाड नको म्हटलं आणि २०२३ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. वॉशिंग्टन शहरात त्याच वर्षी एका न्यायाधीशांनी शेजाऱ्याच्या गांजाचा धूर हा उपद्रव मानून त्याला घरात ओढायला मनाई केली. ते धुराचं प्रकरण होतं, झाडाचं नाही, पण "माझ्या घरात मी काहीही करीन" हे न्यायालय सरसकट ऐकत नाही एवढं नक्की.

आणि भारतात वाचणाऱ्यांनी यातलं काही घरी करू नये. अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा १९८५ चा, लागवडीला १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे, आणि घरातलं झाड म्हणून सूट नाही.

मातीतला माणूस:
न्यायालयाची भीती दाखवायचं कारण नाही. इथे प्रश्न माणुसकीचा आहे म्हणताय तर माणुसकीनेच बोला. कार्बन फिल्टर आहे माझ्याकडे. मूळ लेखात लिहिलं नाही कारण लेख झाडावर होता.

खिडकीवाली:
मग जिना चढतानाच वास कसा येतो? तुम्हीच लिहिलंत, कौतुकाने.

मातीतला माणूस:
वास थोडा येणारच. झाड आहे ते, प्लॅस्टिकचं फूल नाही.

गंधवेडी:
फिल्टर असून जिन्यात येतोय म्हणजे फिल्टरचं काहीतरी बिघडलंय. कार्बन वासाचे कण धरून ठेवतो, आणि भरला की धरत नाही. खोलीत दमटपणा खूप असला तर पाण्याची वाफच त्या जागा अडवते. आणि पंखा फिल्टरमधून हवा बाहेर खेचतो त्यापेक्षा जास्त हवा दाराच्या फटीतून निसटत असेल तर फिल्टर कितीही चांगला असो, उपयोग शून्य. सुगंधी जेल ठेवू नका, दोन्ही वास एकत्र येतात. ओझोनची यंत्रं तर माणसं असलेल्या घरात अजिबात नकोत, फुफ्फुसांना वाईट.

आणखी एक, दादा. ७५ दिवस तुम्ही कापणीपर्यंत मोजलेत. ही गंधकाची संयुगं फुलोऱ्याच्या शेवटी वाढतात आणि कापल्यावर, मुरवताना सर्वात वर जातात, मगच उतरतात. म्हणजे शेजाऱ्यांसाठी सगळ्यात वाईट दिवस तुमच्या हिशोबाच्या बाहेर राहिले.

मातीतला माणूस:
वाळवायला मी बाथरूममध्ये टांगतो.

खिडकीवाली:
बाथरूममध्ये. पंखा लावून?

मातीतला माणूस:
हो. बुरशी येऊ नये म्हणून. फिल्टर झाडं वाढवायच्या तंबूला आहे, बाथरूमला नाही.

खिडकीवाली:
हवा डक्टमध्येच जात असणार. माझ्या शेजाऱ्यांचंही हेच असेल, मला आत्ता उलगडलं. कापणी झाली असं ते सांगतात आणि त्यानंतरच माझ्याकडे आठवडाभर सगळ्यात वाईट असतं. मला वाटायचं खोटं बोलतात. त्यांच्याशी मी दोन महिने धड बोललेले नाही.

बेडूकउडी:
मग जाऊन बोला. इथे लिहून तुमचा टॉवेल सुधारणार नाही.

खिडकीवाली:
तुम्ही टॉवेल धुतलेला नाही, म्हणून सोपं वाटतं. पण जाईन.

मातीतला माणूस:
दोन दिवस उत्तर दिलं नाही कारण तपासत होतो. काल रात्री अकराला बायकोला जिन्यात उभं केलं आणि मी एकेक मजला खाली गेलो. आमच्या दाराशी नाही, खालच्या मजल्यावर डक्टच्या जाळीपाशी भपकारा. जाळीला कान लावला तर आमच्या बाथरूमच्या पंख्याचा आवाज स्पष्ट. फिल्टरही उघडला, तीन वर्षांचा आहे, बदलणार. यापुढे वाळवणं तंबूतच, फिल्टर चालू ठेवून.

खिडकीचं वाक्य मागे घेतो. बाकी लेखातला एकही शब्द नाही. जात बदलणार नाही, आणि वासाची लाज बाळगणार नाही.

खिडकीवाली:
जात बदला असं मी म्हटलंच नव्हतं. वाक्य मागे घेतलंत ते पुरे. वहिनींना सांगा, त्या जेवायला लागल्या ते वाचून मलाही बरं वाटलं.

रातराणी:
माझ्या वरच्यांना हा धागा दाखवते. ते ऐकतील असं वाटत नाही, पण जाळीला कान तरी लावीन.

जुना बीजवाला:
फिल्टर वगैरे सगळं ठीक. बिनवासाचं जोरदार झाड मात्र अजून कोणी दाखवलेलं नाही.

गंधवेडी:
काका, तुमच्या पाच पाकिटांतलं ते लिंबाच्या वासाचं झाड आठवतंय? स्कंकचा वास त्यात नव्हताच. जोर कसा होता त्याचा?

जुना बीजवाला:
जोर होता. चांगलाच होता. पण ते एकच.